दुसऱ्या फ्लूटची लय

१२ जानेवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मला वाद घालणारी वकीलबाई म्हणता आणि वाक्य पूर्ण करू देत नाही. पत्राला मध्येच थांबवता येत नाही, फार तर फाडता येतं. तसं करायचं असलं तर निदान शेवटपर्यंत वाचून करा.

आमच्या वाद्यवृंदाचे संचालक नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेले, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या जागी कुणाला आणायचं यावर आम्हा सत्तावीस वादकांच्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत डबल बासवाले अण्णा म्हणाले की कुणालाच आणलं नाही तर काय बिघडेल. सगळे हसले. मग हसणं थांबलं. शेवटी हात वर करून ठरलं: सहा महिने संचालकाशिवाय वाजवून बघायचं.

पद्धत अशी आहे. प्रत्येक रचनेसाठी पाच जणांची एक टोळी. ती आधी बसून लय, जोर, श्वास यांचा कच्चा आराखडा करते. टोळी दर रचनेला बदलते. एकदा तालीम सुरू झाली की टोळीचा मान संपला. मग शेवटच्या खुर्चीवरचा माणूससुद्धा हात वर करून वादन थांबवू शकतो. वाद पाच मिनिटांच्या वर चालू द्यायचा नाही. क्लॅरिनेटवाला खिशातलं घड्याळ काढून बसतो, म्हणून त्याचं नाव घड्याळजी पडलं आहे. पाच मिनिटांनी दोन्ही बाजूंचं म्हणणं वाजवून बघायचं आणि हात मोजायचे.

पहिल्या दिवशी तीन तासांत एक पान झालं. सुरुवात कुणी करायची इथेच अडलं. पहिल्या व्हायोलिनवालीने श्वास घ्यायचा आणि आम्ही त्या श्वासावर सुटायचं असं ठरलं, पण तिला सर्दी झाली होती, त्यामुळे दोनदा आम्ही तिच्या शिंकेवर सुटलो. हॉर्नवाले नेहमीप्रमाणे मागे राहिले. पूर्वी संचालक डोळे वटारायचे. आता वटारायला कुणी नाही, म्हणून व्हायोलाच्या रांगेतून मीच हात वर केला आणि सांगितलं की हॉर्न उशिरा येतोय. ते म्हणाले की त्यांना व्हायोला ऐकूच येत नाही, तर ते येणार कुणाबरोबर? आम्ही दोन खुर्च्या सरकवल्या आणि ते वेळेवर आले. बारा वर्षं ते उशिरा यायचे, बाबा. कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आत्याला सांगा की तिने पाठवलेला स्वेटर बाह्यांना आखूड आहे, पण व्हायोलाचा गज हातात धरायला त्यामुळे सोयीचा झालाय. तुमच्या गुडघ्याचं कळवा. लोभ आहेच, राग असला तर तोही पोस्टाने पाठवा.

तुमची,
वकीलबाई

———

२० जानेवारी

चि. वकीलबाईस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. फाडलं नाही, कारण मागच्या कोऱ्या बाजूवर तुझ्या आत्याने धोब्याची यादी केली आहे.

गुडघा बरा आहे. जिना चढतो, उतरताना कुरकुरतो.

आता तुमच्या सभेबद्दल. मी एकतीस वर्षं संचालक म्हणून चौथऱ्यावर उभा राहिलो. एकतीस वर्षांत एकाही वादकाने माझ्यासमोर हात वर केला नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. वादकाला फक्त आपला कागद दिसतो. सगळ्यांचे कागद एकत्र बांधलेली मोठी वही एकाच माणसासमोर असते. ज्याच्यासमोर पूर्ण वही आहे त्याने सांगावं आणि ज्याच्यासमोर एक ओळ आहे त्याने ऐकावं, यात अन्याय कसला? बस कुठल्या वळणावर वळवायची हे प्रवासी हात वर करून ठरवत नाहीत. (इथे तुझी आत्या चष्म्यावरून बघून म्हणते आहे की पण कंडक्टरही ठरवत नाही. संचालकाला इंग्रजीत कंडक्टर म्हणतात, पण मला तसं म्हटलेलं आवडत नाही हे तिला तीस वर्षांपासून माहीत आहे.)

हॉर्नवाल्याचं म्हणशील तर मी असतो तर एका आठवड्यात दुसरा आणला असता.

तुम्ही सत्तावीस जण चांगली माणसं आहात, याबद्दल शंका नाही. पण चांगल्या माणसांच्या सरासरीतून निघतं ते कोमट संगीत. सहा महिन्यांनी तुम्ही एकमेकांशी फार गोड बोलत असाल आणि फार वाईट वाजवत असाल. तसं झालं की सांग. मी म्हणालो होतो असं मी म्हणणार नाही. चेहऱ्यावर दाखवीन फक्त.

स्वेटरचं ऐकून ताई गप्प आहे. म्हणजे दुसरा विणते आहे.

तुझे,
बाबा

———

९ एप्रिल

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. त्यातले तीन दिवस नुसता नमस्कार लिहून झाला होता.

आमच्या सभागृहाच्या व्यवस्थापकांनी तुम्हाला विचारलं होतं, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. तुम्ही मला सांगितलं नाहीत. त्यांनी आमच्यासमोर प्रस्ताव ठेवला तो असा: हंगामाच्या अखेरच्या कार्यक्रमाला तुम्ही संचालक म्हणून यावं, तुमच्या नावावर सभागृह भरेल, आणि मग पुढचं वर्षभर तालमीसाठी सभागृह आमचं. तुम्ही नाही, तर सभागृहही नाही. तुम्ही होकार कळवला आहे, असंही ते म्हणाले.

नियमाप्रमाणे मत घ्यायचं ठरलं. मी उठून म्हणाले की घरचा विषय आहे, मला वगळा. घड्याळजी म्हणाला की नात्यातल्यांना वगळायचं तर आमच्यात दोन जोडपी, एक बहीणभाऊ आणि एक घटस्फोट आहे, मग मतं द्यायची कुणी? सगळ्यांनी मत द्यायचं, मात्र या वेळी चिठ्ठ्या टाकायच्या. चेलोच्या रिकाम्या पेटीत चिठ्ठ्या टाकल्या. मोजायला सभागृहाची झाडलोट करणाऱ्या मावशींना बोलावलं, कारण आमच्यापैकी कुणावरच कुणाचा भरवसा नव्हता. त्यांनी चौथऱ्यावर बसून दोन ढीग केले, दोनदा मोजले, आणि उठताना सांगितलं की तेरा हो आणि चौदा नाही.

चिठ्ठीवर नाव नसतं. माझं मत कुणाला कळायचं कारण नाही. हॉर्नवाले मला जिन्यात भेटून म्हणाले की वडिलांसाठी वाईट वाटतं. त्यांनी तुमच्या बाजूने मत दिलं होतं. त्यांना मी माझं मत सांगितलं नाही. पण तुम्हाला सांगितलं नाही तर पुढच्या सगळ्या पत्रांत मला खोटं लिहावं लागेल.

मी नाही म्हटलं, बाबा. एका मताने निकाल लागला, आणि त्या चौदांत मी आहे.

का, ते मला अजून नीट लिहिता येत नाही. येईल तेव्हा लिहीन.

चेलोवाल्यांपैकी दोघं सोडून गेले. आता आम्ही पंचवीस आहोत. व्यवस्थापकांनी महिनाअखेर चाव्या मागितल्या आहेत.

औषधं वेळेवर घ्या. आत्याला नमस्कार. लोभ ठेवा असं आज म्हणवत नाही, जमलं तर ठेवा.

तुमची,
वकीलबाई

———

२७ एप्रिल

चि. बाळीस,

आशीर्वाद. तुझा बाप लिहीत नाही म्हणून मी लिहिते. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासली, त्यामुळे स्वतःचं काही लिहायला बसलं की मधेच चुका शोधायला लागते. उणंअधिक झालं तर समजून घे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी त्याने ते उभ्याने वाचलं, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि बाजारात गेला. तेव्हापासून बोलत नाहीच, म्हणजे गरजेपुरतं बोलतो. पंधरा दिवसांत दूधवाल्याशी एकदाही भांडला नाही. दूधवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं की साहेबांची तब्येत ठीक आहे ना.

तुला माहीत नसलेलं एक सांगते. त्या व्यवस्थापकांचा फोन आला तेव्हापासून तो रोज सकाळी नाश्त्यानंतर मोठी वही उघडून खिडकीशी उभा राहायचा. हातात काही नसायचं. नुसता हात हलायचा. खालून जाणाऱ्यांना वाटायचं की कुणाला तरी बोलावतोय. त्याने काळा कोट शिंप्याकडे टाकला होता, पाठीत सैल करायला. परवा शिंपी कोट घेऊन आला. म्हणाला की साहेबांनी हात वर करून बघावा, काखेत ओढ बसते का. याने सांगितलं की राहू दे, बसतो बरोबर. घालून बघितलासुद्धा नाही. कपाटात टांगला आणि दार लावलं.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. टोचलं तर टोचू दे, पण हेतू तो नाही. मला स्वतःला तू चुकलीस की नाही ते ठरवता येत नाही. तो माझा धाकटा भाऊ आहे. लहानपणी आम्ही दोघं खेळायचो त्यात राजा नेहमी तोच, आणि मी घोडा. मला घोडा व्हायला आवडतं का, हे त्याने कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही, म्हणजे निम्मी चूक माझी. तुझी आईही सांगणाऱ्यातली नव्हती. एवढंच लिहिते, बाकी माझ्याकडून येऊ नये.

तू त्याला कारण लिही. त्याला निकाल समजतो, कारण समजत नाही. चुकीचं कारण असलं तरी लिही, तेवढ्यावर भांडायला तरी लागेल. घरात फार शांतता आहे.

दुसरा स्वेटर पाठवला आहे. याच्या बाह्या लांब झाल्या आहेत. दुमड.

तुझी,
आत्या

———

४ मे

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. कारण लिहिते.

जुना कुठलाही हिशेब माझ्या मनात नव्हता. तुम्ही आमच्यापेक्षा कमी आहात असंही नाही. तुम्ही आला असतात तर कार्यक्रम चांगला झाला असता, कदाचित आमच्या आजवरच्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा चांगला. मला भीती त्याचीच होती.

चौथऱ्यावर कुणी उभं असलं की आम्ही बघतो. डोळे कागदावर, मग वर, मग कागदावर. शेजारी काय चाललंय हे बघायची जबाबदारी वरच्या माणसाची. या चार महिन्यांत आम्हाला वर बघायला काही उरलं नव्हतं, म्हणून आम्ही ऐकायला लागलो. मी चौदा वर्षं ज्या ओबोवाल्याच्या पुढे बसते, तो प्रत्येक लांब सुराआधी किंचित थांबतो हे मला या मार्चमध्ये कळलं. आता मी त्याच्यासाठी थांबते. त्याला माहीत नाही, पण त्याचा सूर आता कापत नाही.

हे अजून कच्चं आहे. तुम्ही आला असतात तर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. मीसुद्धा. आणि पुन्हा वर बघायला लागले असते. तुम्ही समोर असताना मला तुमच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही, लहानपणापासून. म्हणून नाही म्हटलं.

मला पश्चात्ताप नाही, पण चैनही नाही.

आम्ही बंद पडलेल्या टपाल कचेरीच्या हॉलमध्ये बसतो, जिथे पत्रांची वर्गवारी व्हायची. भिंतीवर अजून लाकडी खण आहेत, त्यामुळे आवाज छान येतो. शनिवारी दुपारी दार उघडं ठेवतो. आजूबाजूचे लोक येऊन बसतात. त्यांनाही हात वर करता येतो, बोलता येतं. मत मात्र वाजवणाऱ्यांचंच.

तुमची,
वकीलबाई

———

१५ मे (पोस्टकार्ड)

चि. वकीलबाईस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. कारण कळलं. पटलं नाही. शनिवारी दुपारी म्हणजे नक्की किती वाजता?

बाबा

———

३ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. बाबा घरी सुखरूप पोचले असतील. ते तुला यातलं काहीही सांगणार नाहीत, म्हणून सगळं लिहिते.

ते शनिवारी न कळवता आले. साधा पांढरा शर्ट, हातात छत्री. मागच्या बाकावर, पार्सलं तोलायचा जुना काटा आहे त्याच्या शेजारी बसले. आम्ही हंगामाच्या अखेरच्या कार्यक्रमाची मुख्य रचना घेतली होती. बाबांची आवडती, त्यांनी आयुष्यभर वाजवून घेतलेली. त्यांना बघितल्यावर पंचवीस पाठी एकदम ताठ झाल्या. श्वास घेऊन सुरू झालो आणि अर्ध्या पानात कोसळलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. जो तो हळूच मागच्या बाकाकडे बघत होता. तेव्हा अण्णांनी डबल बास खांद्याला टेकवून ठेवला, हात वर केला, आणि फार आदराने म्हणाले की साहेबांनी कृपा करून खांबामागे बसावं, कारण ते दिसताहेत.

मी माझ्या बुटांकडे बघत होते. मग बाकाचा आवाज आला. बाबा उठले, छत्री घेतली आणि खांबामागे जाऊन बसले. त्यानंतर आम्ही पहिला भाग न थांबता वाजवला.

दुसऱ्या भागात तो संथ तुकडा आहे. सगळे थांबतात आणि दुसरी फ्लूट खालच्या सुरांत एकटीच बोलते. आमची दुसरी फ्लूटवाली चोवीस वर्षांची आहे. जानेवारीत ती एक शब्द बोलत नव्हती. ती तो तुकडा जरा चालता, म्हणजे किंचित जलद घेते. वाजवून झाला आणि खांबामागून एक हात वर आला. नुसता हात, मनगटापर्यंत.

घड्याळजीने घड्याळ काढलं आणि बोला म्हणाला.

बाबा खांबामागूनच बोलले. म्हणाले की ही लय फार चालती आहे, इथे संगीताने चालायचं नसतं, उभं राहायचं असतं. त्यांच्या आवाजाने आमच्यातले निम्मे पेन्सिली उचलायला लागले, मीही. पण फ्लूटवालीने फ्लूट मांडीवर ठेवली आणि बसल्या जागेवरून सांगितलं की तिला तसं वाटत नाही. इतकं संथ घेतलं तर तो सूर दुःखी होतो, आणि तिच्या मते तो दुःखी नाही, तो कुणाला तरी काहीतरी विचारतोय. वाक्य तिने पूर्ण केलं.

मला वाटलं की बाबा आता तिला गप्प बसवतील. तू त्यांना ओळखतेस. पण ते खांबामागून बाहेर आले. छत्री बाकावर ठेवली. आणि म्हणाले की एक खुलासा करायचा राहिला. ही संथ लय माझी म्हणून लोक ओळखतात, वर्तमानपत्रांत छापून आलं आहे, पण ती माझी नाही. ती माझ्या वाद्यवृंदातल्या दुसऱ्या फ्लूटची आहे. अकरा वर्षं ती त्या खुर्चीवर होती. लय तिने सुचवली आणि मी ती माझी म्हणून सांगितली. ती माझी बायको होती. आज ती हयात नाही, म्हणून तिच्या वतीने मी बोलतो आहे. मग त्यांनी घड्याळजीला विचारलं की पाच मिनिटं संपली का. तो म्हणाला की एक मिनिट शिल्लक आहे. बाबा म्हणाले की मला एवढंच सांगायचं होतं.

मला हे माहीत नव्हतं, आत्या. आई वाजवायची हे माहीत होतं, माझ्या जन्मानंतर दोन वर्षांनी तिने सोडलं हेही माहीत होतं. तुला बाकीचं माहीत होतं, हे तुझ्या मागच्या पत्रावरून आता कळतंय.

नियमाप्रमाणे दोन्ही लयी वाजवून बघितल्या. फ्लूटवालीने आईची लय मन लावून वाजवली, जराही हातचं न राखता. मग हात मोजले. संथ लयीच्या बाजूने नऊ, चालत्या लयीच्या बाजूने सोळा. मी नवांत होते. वडील म्हणून नाही, मला खरंच तशी आवडली. फ्लूटवालीचं बरोबर आहे, असंही मला वाटलं, पण हात एकदाच वर करता येतो.

बाबा नुसतं बरं म्हणाले आणि परत खांबामागे जाऊन बसले. शेवटपर्यंत थांबले. संपल्यावर खुर्च्या उचलायला लागले तेव्हा अण्णांनी त्यांच्या गुडघ्याकडे बघून त्यांना स्टँड उचलायला दिले. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. वाटेत आम्ही फक्त गाडीच्या वेळेबद्दल बोललो.

लांब बाह्यांचा स्वेटर ओबोवाल्याला दिला, त्याला बरोबर बसला. रागावू नकोस. लोभ असू दे, लोकर पुरे.

तुझी,
बाळी

———

११ जून

चि. वकीलबाईस,

अनेक आशीर्वाद. ताईला आलेलं तुझं पत्र तिने मला वाचायला दिलं. दोन ठिकाणी तिने तुझं शुद्धलेखन लाल शाईने सुधारलं आहे. मजकुरात तिला चूक सापडली नाही. मलाही नाही.

आधी कामाचं. पहिल्या भागाच्या शेवटी तुमच्या चेलोंचा आवाज कमी पडतो. दोघं गेल्यामुळे तसं होणारच. उरलेल्या तिघांना भिंतीच्या खणांकडे पाठ करून बसवा, लाकूड आवाज पुढे फेकेल. हे मी पुढच्या शनिवारी हात वर करून सांगणार आहे, तोवर तू सांगू नकोस. आणि ती चालती लय मला अजूनही चुकीची वाटते. ती मुलगी मात्र चांगली वाजवते. मी असतो तर तिला पहिल्या खुर्चीवर घेतलं असतं. मग लक्षात आलं की मी असतो तर ती बोललीच नसती, आणि ती काय विचार करते हे मला कळलंच नसतं.

आता तुझ्या आईचं. तू स्टेशनपर्यंत विचारलं नाहीस, हे बरं केलंस. तोंडाने मला सांगता आलं नसतं.

तालमीच्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या शर्टाला इस्त्री करायची. इस्त्री करताना बोलायची. म्हणायची की अमुक जागी व्हायोलिन धावतात, तमुक जागी श्वासाला वेळ पुरत नाही. मी वर्तमानपत्र वाचतोय असं दाखवायचो. दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर जाऊन सांगायचो की मी विचार केला. ती समोर, दुसऱ्या रांगेत, फ्लूट मांडीवर ठेवून ऐकायची आणि आपल्या कागदावर पेन्सिलीने खूण करायची, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे. असं अकरा वर्षं चाललं. त्या संथ तुकड्याबद्दल छापून आलं तेव्हा कात्रण तिनेच कापलं आणि वहीत चिकटवलं. चिकटवताना हसत होती. ते हसणं कसलं होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

तू झाल्यावर तिने सोडलं. तुझ्यामुळे सोडलं असं आम्ही सांगत आलो. तू ते मानून घेतलं असशील, तर आता मानू नकोस. तू दोन वर्षांची होईपर्यंत ती तुला ताईकडे ठेवून तालमीला येत होती. मग एके दिवशी इस्त्री करता करता म्हणाली की आता माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तुला वाटेल की ती सर्वांसमोर का बोलली नाही. मी शनिवारपासून त्याचाच विचार करतो आहे. तिने तालमीत हात वर केला असता तर मी तिला तो खाली करायला लावला असता. मला हे पक्कं माहीत आहे. तिलाही माहीत होतं, म्हणून ती घरी सांगायची.

तू माझ्याविरुद्ध मत दिलंस, त्याचं मला वाईट वाटलं. अजून वाटतं. ते जाईल असं मी म्हणत नाही. पण ज्या दिवशी मी आलो असतो, त्या दिवशी कोट घालून चौथऱ्यावर चढलो असतो, तुझ्या आईची लय पुन्हा एकदा माझी म्हणून वाजवून घेतली असती, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मी वाकून त्या घेतल्या असत्या.

त्या शनिवारी तिचं म्हणणं नऊ विरुद्ध सोळांनी पडलं. पण पडण्याआधी पंचवीस जणांनी ते तिचं म्हणून ऐकलं, वाजवून बघितलं, आणि मग नाही म्हटलं. माझ्याकडे ते अकरा वर्षं जिंकत होतं, आणि एकाही माणसाला ते कुणाचं आहे हे माहीत नव्हतं.

ताईचा आशीर्वाद. उत्तर सावकाश लिही. मी मध्ये बोलणार नाही.

तुझे,
बाबा